आधी कुठे, मग कधी

‘आय ॲम टुमारो गोइंग टू पुणे.’ वहीतल्या या वाक्यावर लाल फुली पडते, शेजारी ‘राँग ऑर्डर’ असा शेरा. चूक का, हे कुणी सांगत नाही. मी त्या पोराच्या बाजूने आहे. ‘मी उद्या पुण्याला जाणार आहे’ हे त्याच्या मनातलं वाक्य अचूक आहे. तो ‘पुण्याला मी उद्या जाणार आहे’ म्हणाला असता तरी बिघडलं नसतं. ‘ला’, ‘त’, ‘हून’ हे प्रत्यय शब्दाला चिकटून त्याच्याबरोबर फिरतात.

इंग्रजीतही हजारेक वर्षांपूर्वी नामं विभक्तीत चालत. ते प्रत्यय झिजले आणि कर्ता कोण, कर्म कोण हे जागेवरून ओळखायची वेळ आली. म्हणून क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये तिथे सहसा कुणाला शिरू देत नाहीत. ‘आय मेट इन नाशिक माय अंकल’ कानाला खटकतं. ‘आय मेट माय अंकल इन नाशिक यस्टरडे’ सरळ वाटतं. आधी स्थळ, मग काळ. यात तर्कशास्त्र शोधू नये, ही वहिवाट आहे. इंग्रजीच्याच कुळातल्या जर्मनमध्ये साधारणपणे काळ आधी येतो!

आणि ‘यस्टरडे’ वाक्याच्या आरंभीही चालतो, हे किती वर्गांत सांगितलं जातं? ‘वेळ नेहमी शेवटी’ एवढंच घोकून घेतलेलं पोर बरोबर वाक्यालाही घाबरतं. मग ‘ही सेड ही वुड कम ऑन मंडे’ यातला सोमवार म्हणण्याचा की येण्याचा, हा प्रश्न त्याला पडणार कसा? ‘ऑन मंडे’ उचलून आरंभी नेलं की तो सोमवार म्हणण्याचा होतो. क्रम शिकायचा तो यासाठी, गुणांसाठी नव्हे.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. इतक्या वर्षांत मुलाच्या मराठीला वर्गाबाहेर उभं करून काय साधलं? शिक्षकहो, फुली मारण्याआधी फळ्यावर त्याचं मराठी वाक्य लिहा, खाली इंग्रजी लिहा आणि कोणता शब्द कुठून कुठे गेला ते त्यालाच बाणाने दाखवू द्या.