स्वनामधन्य

परक्याच्या दुकानाचे बोधचिन्ह दोन दिवसांत हातावेगळे करणारे आमचे एक ग्राफिक डिझायनर स्नेही स्वतःच्या नावाचे आद्याक्षर निश्चित करण्यात गेले आठ महिने व्यग्र असून, त्या अवधीत निळ्या रंगाच्या एकोणीस छटा त्यांनी नामंजूर केल्या आहेत. गिऱ्हाईक आणि कारागीर एकाच देहात नांदू लागले, की तक्रारअर्ज गुदरावा तरी कोणत्या कचेरीत? पॉल रँड यांनी १९८६ साली स्टीव्ह जॉब्सच्या 'नेक्स्ट' कंपनीस एकच बोधचिन्ह देऊन एक लाख डॉलर वसूल केले. आमच्या स्नेह्यांस स्वतःकडून दमडीही येणे नाही. तिकडे र. कृ. जोशी यांनी घडविलेला 'मंगल' टंक असंख्य संगणकांवर निमूटपणे राबतो आहे, आणि हे गृहस्थ आपल्या 'स्वतंत्र अक्षरओळखी'ची खबर मला त्याच टंकात कळवितात.