मेन्टेनन्सवाले काका

नगरच्या नागापूर एमआयडीसीत उभी हयात मेन्टेनन्समध्ये काढलेला माणूस निवृत्त होतो, म्हणजे त्याचं पंचिंग तेवढं बंद होतं. खिशातला टेस्टर जागच्या जागी असतो. लग्नाला गेला तरी आधी मांडवातले लूज जॉइंट बघतो, मग नवरा-नवरी. अशा माणसाला कॉलनीत सगळे काका म्हणतात. लाइट गेली की तेच 'काकाऽऽ' असं लांबतं.

काकांची खरी कळी खुलते ती कुणी बंगल्यामागे नातवंडांसाठी स्विमिंग पूल काढला की. मालकाच्या डोळ्यांपुढे निळ्या टाइल्स. काका विचारतात, "पॅनल कुठं बसवणार?"

"काका, अजून खड्डाच खणायचाय."

"खड्डा काय, कधीपण खणता येतो."

आणि जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर वायरिंग उतरू लागतं. दीड एचपीचा पंप. चालताना ८-९ अँपिअर, सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट. म्हणून बी कर्व्हची एमसीबी नको, ती पंप सुरू होतानाच पडायची. सी कर्व्ह, १६ अँपिअर, वायर २.५ स्क्वेअर. "आणि एमसीबी वायर वाचवते, मोटार नाही. मोटारीला ओव्हरलोड रिले पाहिजे." क्लोरीनच्या डोसिंग पंपाला वेगळी एमसीबी आणि इंटरलॉक : मोठा पंप बंद, तर क्लोरीनही बंद. पाण्यातले दिवे १२ व्होल्टचे, त्यांचा ट्रान्सफॉर्मर काठापासून लांब. शेवटी चार जागा 'स्पेअर'. कशासाठी, हे विचारणारा मालक नवखा समजावा.

कॉन्टॅक्टर मात्र 'एल अँड टीचाच'. तो स्विचगिअरचा धंदा २०२०मध्ये श्नायडरकडे गेला, २०२४मध्ये त्याचं नाव लॉरिट्झ नुडसन झालं. त्याच वर्षी अहमदनगरचंही अहिल्यानगर झालं. काकांच्या तोंडी अजून 'नगरच्या एल अँड टीचा कॉन्टॅक्टर' एवढंच बसतं आणि दुकानदारालाही ते बरोब्बर कळतं.

मालकाचा मुलगा पुण्याहून फोन करतो, "काका, सगळं मोबाइलवर घ्या." काका घेतात. पण पॅनलच्या दारावर ऑटो-ऑफ-मॅन्युअलचा सिलेक्टर बसवूनच. टायमर सकाळी सहाचा लावतात आणि पंप आपोआप सुरू होतो का, हे बघायला पावणेसहाला हजर राहतात. कॉन्टॅक्टर 'खट्ट' वाजला की पोराला दहावीत पहिला वर्ग मिळाल्यासारखे मालकाकडे बघतात.

उद्घाटनाच्या दिवशी पाहुणे जमतात, पोरं चड्ड्या घालून तयार, आणि आरसीसीबी ट्रिप. पुन्हा वर करतात, पुन्हा ट्रिप. हाताखालचा वायरमन हळूच म्हणतो, "काका, आजच्या दिवस डायरेक्ट करू का?"

कधी आवाज न चढवणारे काका इथं चढतात. "फेजनं गेलेला करंट न्यूट्रलनं परत आला पाहिजे. ३० मिलिअँपिअर कमी आला, की ही पडते. तो कमी पडलेला करंट कुठून गेला? पाण्यातून, नाहीतर पोरातून! कर डायरेक्ट, आणि पहिला तूच उतर."

वायरमन निमूटपणे जंक्शन बॉक्स उघडतो. आत वाटीभर पाणी. आदल्या रात्रीच्या पावसाचं. ग्लँड आवळलेलीच नसते. पाणी पुसून, बॉक्स वाळवून, नवी ग्लँड बसेपर्यंत भजी थंड होतात. पाहुणे कुरकुरतात, काका हलत नाहीत. आरसीसीबीचं टेस्ट बटण स्वतः दाबून ती पडल्याची खात्री करतात, पुन्हा वर करतात आणि मगच पोरांना शिट्टी मिळते.

संध्याकाळी मालक आग्रह करतो, "काका, आता तुम्हीपण उतरा." काका आढेवेढे घेत तयार होतात. आधी मीटरपाशी जातात, मेन बंद करतात, कटआउटची ग्रिप उपसतात आणि काकूंच्या हातात देतात. "मी बाहेर येईपर्यंत कुणालाच द्यायची नाही. मालकालासुद्धा." मग अख्खा बंगला अंधारात ठेवून काका गुडघाभर पाण्यात उभे राहतात.

तेवढ्यात पुण्याहून फोन येतो, "बाबा, मोबाइलवर पंप, दिवे, सगळंच ऑफलाइन दाखवतंय. काका उतरले वाटतं पाण्यात?"