फलाट क्रमांक ५

माझा आवाज चांगला आहे हे मला वयाच्या अकराव्या वर्षी, शेजारच्या सत्यनारायणात कळलं. भटजींचा घसा बसला होता म्हणून पोथीचा एक अध्याय मी वाचला आणि मागे बसलेल्या काकू म्हणाल्या, "रेडिओवानी बोलते बाप्पा हे पोट्टं!" या काकूंना दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं असं पुढे डॉक्टरांनी सांगितलं. पण तोवर माझ्याकडून व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं.

खामगावातल्या गणेश मंडळांपासून निरोप समारंभांपर्यंत जिथे माइक असेल तिथे मी जाऊ लागलो. 'रसिकहो' या शब्दातला 'हो' मी इतका लांबवायचो की तेवढ्यात व्यवस्थापक पाहुण्यांसाठी हार शोधून आणत. एका आकाशवाणी केंद्राला मी माझ्या आवाजाची कॅसेटही पाठवली. उत्तर आलं नाही. दोष कॅसेटचा, हे मला लगेच कळलं. चुंबकीय फितीत माझा खर्ज मावला नसणार.

म्हणून संगणक. १९९६ साली अकोल्याच्या एका कार्यालयाने काढून टाकलेला ४८६ आमच्या पुढच्या खोलीत आला. घरात सांगितलेलं कारण टायपिंगच्या जॉबवर्कचं होतं आणि पुरावा म्हणून मी डॉट मॅट्रिक्स प्रिंटरही घेतला होता. खरं कारण मी कुणाला सांगितलं नाही. अडचण एवढीच होती की यंत्राला स्वतःचाच आवाज नव्हता. आत कुठेतरी एक बारका स्पीकर होता, तो चूक झाली की फक्त 'टूँ' करायचा.

ही 'टूँ'ची गरिबी जगभरच्या संगणकांनी सोसली आहे. ती हटवायला १९८७ मध्ये कॅनडातल्या क्यूबेकचे मार्टिन प्रेव्हेल नावाचे गृहस्थ पुढे आले. त्यांनी यामाहाची चिप बसवलेलं अ‍ॅडलिब कार्ड काढलं. हे पूर्वी विद्यापीठात संगीताचे प्राध्यापक होते. मग १९८९ मध्ये सिंगापूरच्या सिम वाँग हू यांच्या क्रिएटिव्ह कंपनीने साउंड ब्लास्टर आणलं. त्यात वाद्यांबरोबर माणसाचा आवाज घेण्याची आणि ऐकवण्याचीही सोय होती. सिम वाँग हू २०२३ च्या जानेवारीत गेले तेव्हा मी घरात दोन मिनिटं उभा राहिलो. बायकोला वाटलं, कंबर धरली.

माझं कार्ड अर्थात अस्सल नव्हतं, 'साउंड ब्लास्टर प्रो-शी जुळणारं' होतं. शेगावला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या मावसभावाने ते कुठूनसं जुनं मिळवलं आणि एसटीच्या वाहकाच्या हाती पाठवून दिलं. सोबत मावशीने कचोऱ्याही पाठवल्या होत्या, त्याच पिशवीत. त्यामुळे कार्ड आलं तेव्हा त्याच्या सोनेरी दातांना तेलाची झळाळी होती. खोडरबराने दात घासून पुसले, कार्ड खाचेत दाबलं, आणि लक्षात आलं की कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमची फ्लॉपी पिशवीत नाही.

"ड्रायव्हर राहिला," मी म्हणालो.

बाबा ओट्यावर पेपर वाचत होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "ड्रायव्हर राह्यला त गाडी आली कशी?"

बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. आयुष्य जिल्ह्यातल्या बसस्थानकांवर गेलेलं. जगातली कुठलीही अडचण ही शेवटी चालक, वाहक, फलाट किंवा वेळापत्रक यांतल्याच कशाची तरी असते, असं त्यांचं मत होतं. मला ते मत फार मागासलेलं वाटायचं.

ड्रायव्हर दुसऱ्या दिवशीच्या गाडीने आला. विंडोज ९५ सुरू झालं आणि स्वागताचा तो गोड सूर वाजण्याऐवजी त्याचा पहिला तुकडाच परत परत वाजू लागला. मी माइकवर 'नमस्कार रसिकहो' म्हणून पाहिलं, तर परत ऐकताना 'नमस्-नमस्-नमस्-नमस्'. माझ्या निवेदनाला पहिल्यांदाच विनम्रता आली होती.

आता हे का होतं ते थोडक्यात सांगतो. संगणकातल्या प्रत्येक भागाला मुख्य प्रोसेसरचं लक्ष वेधायला एकेक घंटा दिलेली असते. त्या घंटांना आयआरक्यू म्हणत. एकूण १६, शून्य ते १५. शून्यावर घड्याळ, १ वर कीबोर्ड, ६ वर फ्लॉपी, १४ वर हार्ड डिस्क. साउंड कार्डाने कोणती घंटा वाजवायची हे कार्डावरच्या काट्यांवर जंपर नावाची, तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठी टोपी बसवून ठरवायचं. आमच्या कार्डावर घंटेचे चार पर्याय होते, आवाजाची ने-आण करणाऱ्या डीएमए वाटेचे तीन आणि पत्त्याचे दोन. म्हणजे २४ जोडण्या. प्रत्येक जोडणीला कॅबिनेट उघडा, टोपी हलवा, बंद करा, सुरू करा आणि बघा. मी रात्री टोप्या मांडून झोपायचो आणि सकाळी आंघोळीआधी निकाल पाहायचो.

हे सगळं भेंडवळच्या घटमांडणीसारखं होतं. आणि आता भेंडवळचं नाव निघालंच आहे, तर साउंड कार्ड जरा बाजूला ठेवू. ते कुठे जात नाही.

जळगाव जामोद तालुक्यातलं भेंडवळ. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी तिथे शेतात गोल घट आखतात आणि त्यात १८ प्रकारची धान्यं मांडतात. गहू, ज्वारी, तूर, मूग, उडीद, हरभरा, सरकी, सगळी. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळं, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. त्यांवर पाण्याची घागर, म्हणजे समुद्र. घागरीवर पुरी, म्हणजे पृथ्वी. शिवाय पापड, वडा, भजी, करंजी, कुरडई, आणि राजा म्हणून पानाचा विडा. रात्री तिकडे कुणी फिरकायचं नाही. पहाटे, सूर्य उगवायच्या आत, कोणतं धान्य जागचं हललं, कोणतं ढेकूळ किती भिजलं हे पाहून वर्षाच्या पिकापाण्याचं भाकीत सांगतात. चंद्रभान महाराज वाघ यांनी सुरू केलेली ही परंपरा साडेतीनशे वर्षांची आहे म्हणतात. अंधश्रद्धा निर्मूलनवाले दरवर्षी आक्षेप घेतात, आणि वर्तमानपत्रं दरवर्षी 'राजाची गादी कायम' असं छापतात.

मी एकदा मामांबरोबर त्या पहाटे तिथे उभा होतो. मुळात मी हसायला गेलो होतो. शहाणा होतो ना, घरी संगणक होता. पण भाकीत सुरू झालं आणि सगळं शेत गप्प झालं. शेजारी एक म्हातारे शेतकरी तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत होते, अक्षरही सांडू नये असे. कपाशी मध्यम, सांगणारा म्हणाला. म्हाताऱ्यांनी नुसती मान हलवली आणि हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली. त्यांना ते खरं वाटलं की नाही मला ठाऊक नाही. पण एवढं लक्ष देऊन कुणी ऐकलेला आवाज मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि सांगणाऱ्याने 'हो' लांबवला नव्हता.

परत येताना मामांनी विचारलं, "हसाले आला होता ना?" मी म्हणालो, भूक लागली.

तर कार्ड. नऊ दिवस घटमांडणी चालली. त्यांच्याकडे १८ धान्यं, माझ्याकडे १६ घंटा. पण भेंडवळला निकाल तरी लागतो. माझ्या पडद्यावर नुसतं पिवळं उद्गारचिन्ह येत होतं. दहाव्या दिवशी एक टोपी हातातून निसटली आणि आम्ही दोघं, मी आणि बाबा, कॉटखाली बॅटरी घेऊन आडवे झालो. कॉटखाली त्यांनी विचारलं, "हे नेमकं काय हाय?"

मी वैतागून सांगितलं, की सात नंबरवर साउंड कार्ड आहे, पण प्रिंटरही सातवरच आहे, आणि—

"एका फलाटावर दोन गाड्या?"

मी गप्प.

"मंग ते नमस् नमस् करनच ना. माणसं चढून राह्यली का उतरून राह्यली, कोनाले समजन?" बाबा कोपरावर रेलले. "रिकामा फलाट कोनता हाय?"

"पाच."

"पाचवर लाव. अन् जुनी गाडी आपल्या जागीच राहू दे. जुन्या गाडीचा फलाट बदलला की मानसं चुकतात."

मी नऊ दिवस दोन्ही गाड्या हलवत होतो. टोपी सापडली, पाचवर बसवली, आणि स्वागताचा सूर पूर्ण वाजला. बाबा पुन्हा पेपर वाचायला गेले. मावसभावाला मी फोनवर सांगितलं की अखेर मला युक्ती सुचली.

त्या दुपारी माइकची पातळी जमवायची होती. मी बाबांनाच बसवलं. "काहीही बोला," म्हटलं. विंडोजमधल्या साउंड रेकॉर्डरमध्ये तेव्हा एका दमात ६० सेकंदच टिपली जात. दर्जा निवडायचे तीन पर्याय होते, टेलिफोन क्वालिटी, रेडिओ क्वालिटी आणि सीडी क्वालिटी. आठ बिटी कार्डाला शोभेल असं मी 'रेडिओ' निवडलं. मनात तोच शब्द होता.

बाबा पहिली दहाएक सेकंद खाकरले. मग "सुरू झालं का?" मग "कशात बोलू, ह्याच्यात?" मग निवृत्तीला चार महिने उरलेल्या माणसाने पाठ सरळ केली आणि बोलायला सुरुवात केली. प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. फलाट क्रमांक ५ वर लागलेली गाडी उंद्री, अमडापूर, चिखली, देऊळगावराजा मार्गे... आणि तिथे ६० सेकंदं संपली. जालना राहिलं.

मी ते परत लावलं. तीस रुपयांचा माइक, तेल पुसलेलं कार्ड, आठ बिट, म्हणजे आवाजाच्या लाटेला अवघ्या २५६ पायऱ्या. आणि त्यातून असा भरीव, शांत, थोडा खरखरीत आवाज आला की स्वयंपाकघरातून आई हात पुसत बाहेर आली. घरी हा माणूस पाणी मागतानासुद्धा पुटपुटायचा.

मग माझी पाळी. नमस्कार रसिकहो. परत लावलं, तर कुणीतरी नाक चिमटीत धरून तक्रार करत होतं.

इथे कुठलाही सरळ माणूस समजला असता. मी कार्ड बदललं.

आठ बिटांत माझा आवाज मावत नाही, असं मी घरी जाहीर केलं. १९९८ मध्ये १६ बिटी कार्ड घेतलं. आता पायऱ्या ६५,५३६. त्या प्रत्येक पायरीवर माझं नाक स्पष्ट ऐकू येऊ लागलं. सीडी क्वालिटीत मिनिटाला दहा एमबी जागा लागायची आणि माझी हार्ड डिस्क ५४० एमबीची. म्हणजे जॉबवर्कच्या फायली, विंडोज आणि मी, तिघांतलं कुणीतरी जायला हवं होतं. मग नवा संगणक, त्यात पीसीआय खाचेतलं महागडं कार्ड, नवा माइक, माइकला फेस आणि खिडकीला गोधडी. एवढं करून पुण्यातल्या एका जाणकाराला विचारलं. तो म्हणाला, आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतोच, शिवाय कवटीच्या हाडांतूनही कानात पोचतो. हाडं खर्ज वाढवतात. म्हणून स्वतःला आपण भारदस्त वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये हाडं नसतात. जगाला पहिल्यापासून तेच ऐकू येत आलंय.

म्हणजे माझा तो खर्ज आयुष्यभर एकाच श्रोत्यासाठी होता. काकू धरून दोन.

बाबांच्या त्या मिनिटाचा मला तेव्हा रागच आला होता, हे कबूल करतो. बत्तीस वर्षं माइकसमोर बसलेल्या माणसाला आपला आवाज चांगला आहे याची खबर नव्हती, आणि त्याने कुणाला ती विचारलीही नव्हती. डिस्कवर जागा करायची म्हणून मी ती फाइल फ्लॉपीवर काढली. त्या दर्जात एक मिनिट म्हणजे १३ लाख २३ हजार बाइट, फ्लॉपीत बरोबर मावतं. वर लेबल लावलं, 'टेस्ट'. 'बाबा' लिहायला तितकाच वेळ लागला असता.

बाबा २००९ मध्ये गेले. घरात त्यांचे फोटो आहेत, निवृत्तीचा नारळ हातात घेतलेलाही आहे. आवाज दुसरा कुठेही नाही. बसस्थानकावर रोज हजारो माणसांनी तो ऐकला, पण टिपून कोण ठेवणार? गाडी लागली की माणसं पळतात.

फ्लॉपी मला गेल्या दिवाळीत सापडली. यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह मागवला. तो कुरकुरतो आणि वाचता येत नाही म्हणतो. जाणकारांचं म्हणणं असं, की जुन्या ड्राइव्हचं डोकं किंचित तिरकं बसलेलं असेल तर त्याने लिहिलेली फ्लॉपी त्यालाच वाचता येते, दुसऱ्याला नाही. तो ड्राइव्ह त्या ४८६ मध्येच होता, आणि तो संगणक मी २००१ मध्ये, नव्या कार्डाला पैसे कमी पडत होते म्हणून, चिखलीकडच्या एका गृहस्थांना विकला.

तेव्हा चिखली, अमडापूर, मेहकर भागातल्या वाचकांना विनंती. माळ्यावर, गोठ्यात, दुकानाच्या मागे कुठे पिवळट पडलेली, आडवी ४८६ ची कॅबिनेट असेल, पुढच्या बाजूला गजानन महाराजांचं अर्धं निघालेलं स्टिकर असेल, तर ती भंगारात घालू नका. मला कळवा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन. फक्त फ्लॉपी ड्राइव्ह शाबूत हवा. साउंड कार्ड कुठलंही चालेल.