सज्ज गृहस्थ

सज्ज गृहस्थ मध्य रेल्वेवर कल्याणच्या पुढे आणि पश्चिम रेल्वेवर बोरिवलीच्या पुढे विपुल आढळतो. वय पंचेचाळीस ते साठ, नोकरी बहुधा हिशेब खात्यात किंवा स्टोअर्समध्ये, चष्म्याला दोरी. पण ओळखण्याची खरी खूण म्हणजे सॅक. ती पाठीवर असते तेव्हा तो किंचित पुढे झुकलेला असतो आणि छातीवर असते तेव्हा किंचित मागे. सरळ उभा असलेला सज्ज गृहस्थ फक्त त्याच्या लग्नाच्या फोटोत पाहायला मिळतो. सॅकमध्ये काय आहे असे विचारल्यास ‘काही नाही, थोडंसं सामान’ हे उत्तर मिळते. कशासाठी, असे विचारल्यास ‘लागलं तर असावं’. यापुढे चर्चा होत नाही. डब्यातली तरुण मंडळी त्याला समोर काका म्हणतात आणि माघारी डोरेमॉन.

या जातीच्या वाढीला अंतर कारणीभूत आहे. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हा प्रवास ६८ किलोमीटरचा. दादरला राहणारा छत्री विसरला तर चडफडत घरी जाऊन घेऊन येतो. बदलापूरकर ती सोय सकाळी ७ वाजताच गमावून बसलेला असतो. घर आणि कचेरी यांच्यामध्ये एवढा मुलूख पसरलेला असला, की माणसाला घराचा थोडा भाग बरोबर न्यावासा वाटणे समजण्यासारखे आहे. किती भाग न्यावा, एवढाच वादाचा मुद्दा.

सॅकची खरेदी हा एका रविवारचा पूर्ण कार्यक्रम असतो. क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात किंवा दादर स्टेशनबाहेर तो सहा-सात दुकाने पालथी घालतो. रंग काळाच, मळ दिसत नाही म्हणून. कंपनी, किंमत या गोष्टी नंतर. आधी तो चेन मोजतो. जितक्या चेन तितके कप्पे आणि जितके कप्पे तितकी सुरक्षितता, हे त्याचे गणित. प्रत्येक चेनचा रनर तो दहा वेळा मागेपुढे करून पाहतो, पट्ट्यांची शिवण ओढून पाहतो आणि शेवटी दुकानदाराला ‘वॉटरप्रूफ आहे का?’ असे विचारतो. दुकानदार ‘एकदम’ म्हणतो. दोघांनाही ठाऊक असते, की कापड कितीही पाणी झटकणारे असले तरी मुंबईचा पाऊस शिवणीतून आणि चेनमधून आत येतोच. म्हणून घरी आल्यावर प्रत्येक वस्तू एका पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत आणि ती सॅकमध्ये अशी व्यवस्था होते. वर रबरबँड. तीस लिटरची सॅक दोन दिवसांत भरते. रिकामा कप्पा त्याला बघवत नाही.

सामान मात्र दोन दिवसांत जमलेले नसते. जुनी सॅक नव्या सॅकमध्ये जशीच्या तशी उपसली जाते, त्यामुळे दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थर साचावेत तसे मुंबईवर आलेल्या संकटांचे थर तिच्यात साचत गेलेले असतात. जाणकाराला तळापासून वर येताना शहराचा अलीकडचा इतिहास क्रमाने वाचता येतो.

सर्वांत खालचा आणि सर्वांत जाड थर २६ जुलै २००५ चा. त्या दिवसाच्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. म्हणजे फोर्टातल्या कचेरीत बसलेल्यांना खिडकीतून नेहमीचाच पावसाळा दिसत होता. ते स्टेशनवर आले आणि तिथून पुढची रात्र ज्याने त्याने आपापल्या नशिबाप्रमाणे काढली: कोणी रुळांवरून चालत, कोणी कचेरीतल्या टेबलावर, कोणी अनोळखी माणसाच्या घरी. सज्ज गृहस्थाचा या पंथातला प्रवेश बहुधा त्याच रात्री झालेला असतो. या थरात बॅटरी, शिटी, कोरडे बनियन, मोज्यांचा जोड आणि पार्ले-जीचा पुडा सापडतो. पुडा नियमाने बदलला जातो, कारण दर दोन-तीन महिन्यांनी त्याचा भुगा होतो. जवळच एका जाड कागदावर नातेवाइकांचे फोन नंबर सुवाच्य अक्षरात लिहून त्याला प्लास्टिक चढवलेले असते. मोबाइल बंद पडला तर काय, हा विचार बिनतोड आहे. मात्र त्यातले निम्मे नंबर मुंबईच्या लँडलाइनच्या आधी २ हा आकडा लागण्यापूर्वीचे असतात, आणि दोन नातेवाईक आता फोन उचलण्याच्या पलीकडे गेलेले.

याच थरातली टोकदार हातोडी वेगळ्या दखलीस पात्र आहे. त्या पुरात गाड्यांची दारे-काचा न उघडल्याने काही जण आतच अडकून दगावले. तेव्हापासून ती सॅकमध्ये आहे. बहुतेक गाड्यांच्या बाजूच्या काचा टोकाच्या एका फटक्याने चुरा होऊन पडतात, पण समोरची काच दोन थरांची आणि मध्ये चिकट पडदा असलेली, ती नुसती तडकते. म्हणून घाव नेहमी बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात घालावा, हे तो कोणालाही समजावून सांगतो. माहिती अचूक आहे. त्याच्याकडे गाडी नाही.

बॅटरीबद्दलही असेच. सह्याद्रीत भटकणाऱ्या भाच्याने त्याला एकदा सांगितले, की बॅटरीतला एक सेल उलटा घालून ठेवावा, म्हणजे बटण चुकून दाबले गेले तरी सेल उतरत नाहीत. सल्ला उत्तम. आता अंधार झाला की सज्ज गृहस्थ बॅटरी काढतो, तिचे झाकण फिरवतो, सेल तळहातावर घेतो आणि त्यांच्या टोकावरची अधिकची खूण दिसावी म्हणून शेजाऱ्याला मोबाइलचा उजेड दाखवायला सांगतो.

वरचे थर पातळ आहेत. २०१६ च्या थरात एका गुप्त कप्प्यात चारदा घडी घातलेली पाचशेची नोट आहे. आणीबाणीसाठी म्हणून ती इतकी नीट लपवली होती, की ८ नोव्हेंबरच्या नोटाबंदीच्या घोषणेनंतर नोटा बँकेत भरायची मुदत ३० डिसेंबरला संपली तरी ती तिच्या मालकालाही सापडली नाही. पुढे सापडली. अशा नोटा दहापर्यंत बाळगायला कायद्याची हरकत नाही, हे वाचल्यावर त्याने ती परत त्याच कप्प्यात ठेवली. आता तिच्यासोबत शंभराच्या पाच नोटा आहेत. त्यावरच्या थरात २०१८ च्या प्लास्टिकबंदीने एका रात्रीत बेकायदा ठरवलेल्या पातळ पिशव्या होत्या. पहिल्याच गुन्ह्याला ५००० रुपये दंड, म्हणून त्या काढाव्या लागल्या. हा सॅकमधून काहीतरी कायमचे बाहेर पडल्याचा दुर्मीळ प्रसंग. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पुरात अडकली, हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींतून काढावे लागले. हे तर घराच्या अंगणातच घडले होते. राजगिऱ्याची चिक्की त्या आठवड्यात आली.

औषधांना थर नाही, स्वतंत्र डबा आहे. पूर्वी त्यात मुलाचे कंपासचे साहित्य असे. क्रोसिन, जेलुसिल, पट्ट्या, कापूस, आणि १८९३ साली मुंबईतच जन्मलेले अमृतांजन. याखेरीज ओआरएसची पुडी, आणि ती मोठीच पंचाईत करते. २१ ग्रॅमची पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. कमी पाण्यात कालवली तर द्रावण दाट होऊन फायद्याऐवजी अपाय व्हायचा. सज्ज गृहस्थाची बाटली ७५० मिलिलिटरची. ऐन उन्हाळ्यात डब्यात एखाद्याला भोवळ येते, लोक ‘काका, काका’ करतात, आणि काका एका हातात पुडी, दुसऱ्या हातात बाटली धरून उरलेले पाव लिटर कोणाकडे मिळेल याची चौकशी करत असतात. तोवर कुर्ला येते आणि कोणीतरी लिंबू सरबत आणून देतो. यावर उपाय म्हणून पुढच्या महिन्यात २०० मिलिलिटरला पुरणाऱ्या ४.२ ग्रॅमच्या छोट्या पुड्या आल्या, आणि त्यांच्याबरोबर मापाचा पेला.

एवढे ओझे रोज वाहिल्यावर पाठ धरते. मग सॅकमध्ये कमरेचा पट्टा येतो.

भरण्याचा नियम सोपा आहे: जे आधी लागेल ते वर. पण सगळेच आधी लागू शकते असे मानणाऱ्याच्या हाती हा नियम लंगडा पडतो. शिवाय गर्दीच्या गाडीत सॅक ज्या क्षणी हातोहात वर रॅकवर जाते, त्या क्षणापासून दादरपर्यंत तिच्यात आणि मालकात दहा-बारा माणसे असतात. तरीही डब्यातले लोक मागायचे थांबत नाहीत. सर्वाधिक मागणी सेफ्टी पिनेला, त्याखालोखाल डोकेदुखीच्या गोळीला, मग मोबाइल चार्जिंगला. पॉवर बँक २०,००० एमएएचची, वजनाला वरवंटा. पण विमानाच्या केबिनमध्ये १०० वॉट-अवरपर्यंत चालते आणि ही ७४ ची आहे, हे तो आयुष्यात दुसऱ्यांदा विमानात बसताना सुरक्षा अधिकाऱ्याने न विचारताच सांगतो. वस्तू दिल्यावर ती परत येण्याची त्याची अपेक्षा नसते. ‘काकांकडे असेल’ हे वाक्य मात्र त्याला ऐकू यावे लागते.

घरी हे वाक्य कोणी म्हणत नाही. एखाद्या लग्नात भाचीच्या साडीचा पदर सुटतो. सज्ज गृहस्थ लगबगीने सॅक उघडून पिशवीतली पिशवी सोडू लागतो. तोवर बायकोने हातातल्या बांगडीला अडकवलेली पिन काढून पदराला लावलेलीही असते. तिच्या पर्समध्ये सुई-दोरा, बडीशेप, गोळी, सुटे पैसे सगळे कायम असते, पण त्याला ती तयारी म्हणत नाही आणि त्याविषयी बोलतही नाही. तिला फक्त एकच विचारायचे असते: ‘अहो, भाजी आणायला जाताना हातोडी कशाला?’

मेट्रोशी त्याचे जमत नाही. वर्सोवा-घाटकोपर मार्ग २०१४ साली सुरू झाला आणि सॅक प्रथमच यंत्रातून गेली. पडद्यावर जे चित्र उमटले ते पाहून सुरक्षारक्षकाने खुर्ची पुढे ओढली. बारा कामांचा चाकू आत नेता येणार नाही, असे त्याने नम्रपणे सांगितले. चाकू टाकून देण्याचा पर्याय होता. सज्ज गृहस्थ जिना उतरला आणि त्या सुमारे ११ किलोमीटरच्या मार्गावर आजही बसने जातो. मेट्रोने जे अंतर वीस-बावीस मिनिटांचे, त्याला तासभर लागतो. पण रस्त्यात अडकलाच, तर जवळ चिक्की असते.

अडकणे त्याला मनातून नकोसे नसते, हे या जातीचे खरे मर्म आहे आणि ते तो कधी कबूल करणार नाही. गाडी दिवा आणि मुंब्रा यांच्यामध्ये थांबली, पंखे बंद पडले, की डब्यातले चेहरे पडतात, याचा उजळतो. तो घड्याळ पाहतो, रॅककडे पाहतो, किती माणसांत किती बिस्किटे याचा अंदाज घेतो. चार मिनिटांनी गाडी हलते. सगळे हुश्श म्हणतात, तोही म्हणतो, पण जरा उशिरा.

त्याच्या वाट्याला संकट आले ते १२ ऑक्टोबर २०२० ला. सकाळी १० च्या सुमारास ग्रिड कोसळले, मुंबईसह ठाणे, कल्याणपर्यंतची वीज गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. पंधरा वर्षांची तयारी कामी यावी असाच दिवस. परंतु टाळेबंदीचे नियम पुरते उठले नव्हते, लोकलमध्ये केवळ अत्यावश्यक सेवेतल्यांना प्रवेश होता आणि सज्ज गृहस्थ घरी लॅपटॉपसमोर बसलेला होता. सॅक कपाटावर होती. ती उतरवली. दिवसा बॅटरीचा उपयोग नव्हता, बिस्किटे घरात होतीच आणि सगळ्यांचे मोबाइल रात्रभर चार्ज झालेले होते. तो जिन्याने चार मजले हिंडून कोणाला काही हवे का विचारून आला. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी लिफ्ट कधी सुरू होईल, एवढेच विचारले.

निवृत्तीनंतर सॅक दारामागच्या खुंटीला जाते. डब्यातली त्याची जागा मात्र फार काळ रिकामी राहत नाही. काही दिवस लोक सवयीने ‘काकांकडे’ म्हणून गप्प होतात. मग त्याच ग्रुपमधला एखादा चाळिशीचा इसम, ज्याच्या सॅकमध्ये आजवर डबा आणि हेडफोन याखेरीज काही नसे, तो एकदा स्वतःच्या पाकिटातून पिन काढून देतो. दुसऱ्या वेळी गोळी. पावसाळा संपतो, बाकीच्यांच्या छत्र्या घरी माळ्यावर जातात. दिवाळी उलटून गेली तरी याची सॅकमधून बाहेर आली नाही, की निवड पक्की झाली असे समजावे.