पाटी दात्याची, वीजबिल यजमानाचं

विकासात आधी संगमरवरी पाटी येते. पूल, दवाखाना, सभागृह वगैरे तिला टेकायला भिंत हवी म्हणून बांधतात. पॅसिफिकमधल्या चिमुकल्या बेटांकडे सध्या नव्या दात्यांची रीघ लागली आहे आणि प्रत्येकाच्या काखेत पाटी तयार आहे. तीनेक लाख वस्तीच्या वानुआतूला 2016 मध्ये चीनच्या मदतीतून भलंथोरलं परिषद सभागृह मिळालं. पाटीवर मैत्री कोरता येते. वातानुकूलनाचं बिल यजमानाच्या नावावर येतं. आपणही मागे नाही. 2023 मध्ये पापुआ न्यू गिनीतल्या पोर्ट मोर्सबीत भारताने बेटांसाठी समुद्री रुग्णवाहिका आणि डायालिसिस यंत्रं जाहीर केली. पण डायालिसिसला रोज शुद्ध पाणी, नवे फिल्टर आणि जाणता तंत्रज्ञ लागतो, आणि फिल्टर बदलायच्या दिवशी फीत कापायला कोणी येत नाही.

कुणी म्हणेल, धर्माची गाय, तिचे दात कसले मोजता? दात राहू द्या, चारा कोण घालणार तेवढं सांगा. दुसरा म्हणेल, बेटंवाले काय भोळे आहेत? 21 चौरस किलोमीटरच्या नाऊरूने 2002 मध्ये तैवानशी राजनैतिक संबंध सोडून चीन धरला, 2005 मध्ये पुन्हा तैवान, 2024 मध्ये पुन्हा चीन. हुशारी खरीच! पण दाता बदलला की पाटी बदलते, गळकं छप्पर तेच राहतं. शिवाय तुवालूसारख्या अकरा हजार वस्तीच्या देशात अधिकारी असणार किती? त्यांनी शिष्टमंडळांना हार घालायचे, प्रत्येकाच्या नमुन्यात अहवाल भरायचे, की खातं चालवायचं?

आता म्हैसूरच्या अग्रहार वस्तीला जिचं नाव आहे, ती राजांनी ब्राह्मणांना गाव दान देण्याची जुनी प्रथा पाहा. आत्मस्तुतीत राजे आजच्यांना हार जाणारे नव्हते. ताम्रपटावर स्वतःची बिरुदं ओळीच्या ओळी कोरून घेत. पण खाली गावाच्या सीमा आणि उत्पन्नाचे हक्कही लिहून देत, वर दान हिरावणाऱ्याला साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होण्याचा शाप. ते दान कसणाऱ्याच्या घामाचं आणि एकाच जातीच्या पानात वाढलेलं. ती व्यवस्था परत नकोच. घ्यायची ती एवढीच अक्कल की दानाबरोबर त्याचा खर्च भागवणारं उत्पन्नही द्यावं लागतं. तुवालूने 1987 मध्ये दात्यांच्या पैशातून विश्वस्त निधी उभारला तो याच अकलेने: मुद्दल शाबूत, उत्पन्नाचा अर्थसंकल्पाला आधार. अडचण एकच, मुद्दलाचं उद्घाटन करता येत नाही! आणि उद्घाटनाशिवाय दात्यांचा हात खिशात जात नाही. आपल्याकडे बसायच्या बाकड्यावरसुद्धा ‘यांच्या निधीतून’ असतं. बाकडं मोडतं, नाव टिकतं. निर्लज्जपणाला काही सीमा? बेटांनी सरळ नियम करावा: पंधरा वर्षांच्या देखभालीचा पैसा आधी जमा, पाटी नंतर. आणि पैसा आटला की पाटी उतरवून दात्याच्या पत्त्यावर पाठवावी, टपालखर्च त्याच्याकडूनच वसूल करून.