शनवारी पावने हान

आमच्या गावात हौशी नाट्यमंडळ काढायचं ठरलं, तेव्हा मंडळाच्या नावावर तीन बैठका झाल्या आणि नाटकावर एकही नाही. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, सल्लागार, मार्गदर्शक अशी पदं भरता भरता नट उरले दोन. त्यातला एक प्रॉम्प्टर.

तालमीची वेळ आमच्याकडे घड्याळ ठरवत नाही, समुद्र ठरवतो. उधाणाला मंडळी दर्यावर, भांगाला जाळी दुरुस्त करायला. शेवटी 1 जून ते 31 जुलै ही मासेमारीबंदी आम्ही रंगभूमीची सुगी मानली. नेमका तेव्हाच देवळाच्या पत्र्यावर पाऊस असा कोसळतो की संवाद फक्त बोलणाऱ्यालाच ऐकू येतो. आमच्या नायकाला तेवढंच हवं होतं.

कुणीतरी गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' सुचवलं. पण त्यात गावच्या नाटकाची जी फजिती आहे, ती आमच्या तालमीत फुकट चालू होती. शिवाय ते नाटक मालवणी, आम्ही आगरी. "अलिबागहून आलास का?" या टोमण्यावर बंदी घाला म्हणून 2019 साली उच्च न्यायालयात याचिका गेली आणि फेटाळली गेली, तो हा मुलूख. दुसऱ्याच्या बोलीत लोकांना हसवायला आम्ही काय अलिबागहून आलोय? (आलोय, पण ते वेगळं.) म्हणून मूळ महाभारतातलंच द्रौपदीवस्त्रहरण घेतलं.

नाट्यगृह म्हणाल, तर अलिबागच्या पीएनपी नाट्यगृहाला 2022च्या जूनमध्ये आग लागली. आम्ही सुपारीच्या वाडीत स्टेज बांधलं, शनिवार ठरवला आणि नटांना कळवलं. सगळ्यांचं उत्तर एकच: "शनवारी? शनवारी पावने हान!"

मांडव्याला रो-रो लागली की मुंबई गाड्यांसकट उतरते. द्रौपदी मोदक वळायला बसते, दुःशासन घोडागाडी जुंपतो. युधिष्ठिर, ज्याला तालमीत एक ओळ पाठ होत नाही, तो पाहुण्यांना न अडखळता सांगतो, "हे घर पणजोबांनी बांधलं." घराचा जांभा पाच वर्षांपूर्वी आला, ट्रकमधून, माझ्यासमोर. अभिनयाची वानवा म्हणतात ती कसली?

तरी प्रयोग झालाच. द्रौपदीने टाहो फोडला, श्रीकृष्ण बनाना राइडची शिट्टी गळ्यात तशीच ठेवून धावत आला. पुढच्या रांगेत आमचेच पाहुणे बसले होते. त्यातले एक गृहस्थ माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "हे जेवणाच्या पॅकेजमध्ये आहे, की वेगळे द्यायचे?"