थांबायचं ठरलं

आमच्या गाडीचं नाव मी घेणार नाही. आमची आजी आजोबांचं नाव घेत नसे, खुणांनी सांगायची, तसंच धरा. साडेतीनशे सीसी, १९७६चं मॉडेल, गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात. अण्णा ऑफिसातून येताना कोपऱ्यावर वळले की आई आवाजावरूनच पोळ्यांचा तवा गॅसवर चढवायची. ओळखलंत ना? झालं तर मग.

ही गाडी सुरू करणं अवघड, असा लोकांचा समज आहे. सुरू होते हो. अवघड असतं ते थांबवणं. उजव्या मुठीपुढे पुढच्या ब्रेकची एक लांबलचक दांडी आहे. ती दाबली की केबल ताणली जायची, ड्रमच्या आतून कुणीतरी घसा खाकरल्यासारखा आवाज यायचा, आणि गाडी पुढे जात राहायची. तो ब्रेक नव्हताच, अर्ज होता. आपण तो करायचा, तो वरती पोचायचा, आणि निकाल लागेपर्यंत सिग्नल हिरवा झालेला असायचा.

अण्णांची याबद्दल कधी तक्रार नव्हती, कारण त्यांनी तो ब्रेक वापरलाच नाही. त्यांची सगळी पिढी पुढच्या ब्रेकला भ्यायची. ‘पुढचा दाबलास की तोंडावर आपटलास’ एवढंच सांगून त्यांनी मला गाडी शिकवली. पुढे माझ्या वाचनात आलं की, थांबताना वजन पुढच्या चाकावर येतं आणि कोरड्या रस्त्यावर साधारण सत्तर टक्के काम पुढचाच ब्रेक करतो. मी हे अण्णांना ऐकवलं. ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, “म्हणजे मी तीस टक्क्यांत संसार केला.”

मलाही सवय झाली होती. स्वारगेटचा सिग्नल मी सारसबागेपासूनच मनात धरायचो. पण परवा कात्रजचा घाट उतरताना पुढच्या दुधाच्या टेम्पोनं अचानक वेग कमी केला. मी पाय दाबला, हात दाबला, कुलदैवताला हाक मारली. ताशी साठचा वेग म्हणजे सेकंदाला सोळा-सतरा मीटर. हे गणित तेव्हा सुचलं नाही, पण टेम्पो ज्या हिशेबानं मोठा होत गेला तो हाच. अखेर थांबलो तेव्हा फळीवरचं ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’ तर दिसत होतंच, खाली बारीक अक्षरातला रंगाऱ्याचा मोबाईल नंबरही वाचता येत होता. मागून बायको म्हणाली, “नंबर पाठ झाला माझा. आता ब्रेकचं बघ.”

पहिला सल्ला अर्थातच डिस्क लावण्याचा आला. आमच्या सोसायटीतले बँकेतून निवृत्त झालेले काका मात्र कडाडले, “मोटार वाहन कायदा, कलम ५२! गाडीत मनाला येईल तो बदल करता येत नाही!” काकांना कलमं पाठ आहेत आणि ते ती बिनव्याजी वाटतात. नाना पेठेतल्या आमच्या मिस्त्रीनं तोच मुद्दा जास्त सोप्या भाषेत मांडला. “डिस्क लावायची तर पुढचे फोर्क बदला, चाक बदला, हँडलवर तेलाची डबी आणा. मग जुनं काय राहिलं, साहेब? नंबरप्लेट.”

वास्तविक डिस्क काही कालची नाही. इंग्लंडात लँचेस्टरनं तिचं पेटंट घेतलं १९०२ साली, आणि ड्रम ब्रेकचं श्रेय ज्याला देतात त्या फ्रान्सच्या लुई रेनॉचं सालही १९०२च. जुळी भावंडंच म्हणा ना. पण लँचेस्टरच्या डिस्कला तांब्याचे पॅड होते आणि ते दाबले की रस्ताभर किंचाळायचे. त्यामुळे शांत स्वभावाच्या ड्रमचं लग्न आधी जमलं. मोटारसायकलच्या पुढच्या चाकावर हायड्रॉलिक डिस्क सर्रास दिसायला १९६९ सालची होंडाची सीबी ७५० यावी लागली.

तर मिस्त्रीनं तोडगा काढला तो ड्रममधल्या ड्रममध्ये. “सिंगल कॅमची प्लेट काढू, डबल कॅमची घालू.”

याचं मर्म असं. ड्रमच्या आत चंद्रकोरीसारखे दोन शू असतात. (‘शू’ हा शब्द मराठीत चारचौघांत मोठ्यानं म्हणायची चोरी. नाना पेठ त्याला सरळ लायनर म्हणते, आपणही म्हणू.) जुन्या प्लेटमध्ये एकच कॅम दोन्ही लायनरांना फाकवतो. त्यातला एक लायनर फिरत्या ड्रमच्या ओढीनं आपसूक आणखी आत रुततो, जीव तोडून काम करतो. दुसऱ्याला तोच ड्रम मागे लोटतो, त्यामुळे तो नुसता हजेरी लावतो. एका घरातले दोन भाऊ, एक राबतोय आणि एक ओसरीवर बसलाय. मी त्या दुसऱ्याला मनातल्या मनात बरंच बोलून घेतलं. डबल कॅमच्या प्लेटमध्ये प्रत्येकाला आपापला कॅम. दोघंही रुतणार, दोघंही राबणार.

चाक उतरलं. आतली काळी धूळ फुंकायला मी वाकलो तर मिस्त्रीनं माझं डोकंच मागे ओढलं. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्यानंच पुसायचं. ड्रम लेथवर नेऊन गोल करून घेतला. नव्या लायनरांवर मिस्त्रीनं शाळेतला पांढरा खडू फासला, चाक फिरवून ब्रेक दाबला आणि उघडून दाखवलं. खडू फक्त टोकांना पुसला गेला होता. “बघा, एवढंच टेकतंय.” मग पॉलिश पेपर, पुन्हा खडू, पुन्हा पेपर. चार वेळा. शेवटी दोन कॅमना जोडणाऱ्या सळईची लांबी. दोन्ही लायनर एकाच क्षणी टेकले पाहिजेत, नाहीतर पैसे दोघांचे आणि काम एकाचं. मिस्त्री डोळे मिटून, कान ड्रमला लावून सळई अर्धा-अर्धा आटा फिरवत होता. तानपुरा लावताना गवई असेच दिसतात. ॲक्सलचा नट आवळताना तो मला म्हणाला, “ब्रेक दाबून धरा, प्लेट मधोमध बसते.” या सगळ्या कामात माझा वाटा तेवढाच.

पहिली चाचणी गल्लीतच. जुन्या सवयीनं मी दांडी पूर्ण ताकदीनं आवळली. गाडी थांबली. बायको थांबली नाही. तिचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आणि पिशवीतली मेथीची जुडी माझ्या मांडीवर आली. “छान,” ती म्हणाली. चौदा वर्षांत या गाडीबद्दल तिनं काढलेला हा पहिला बरा शब्द.

सोसायटीचं फाटक चढावर आहे. वॉचमन ते उघडेपर्यंत चढावर थांबायचं, डावा पाय जमिनीवर, पुढचा ब्रेक दाबलेला, हे आमचं रोजचं. डावा पाय खाली म्हणजे मागचा ब्रेक गेला. गाडी धरून ठेवायची ती पुढच्यानंच. त्या संध्याकाळी मी तसाच थांबलो, आणि फाटक हळूहळू लांब जाऊ लागलं.

मी दांडी आणखी आवळली. फाटक आणखी लांब गेलं. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. चाक उलटं फिरलं की रुतणारा लायनर लोटला जातो आणि लोटला जाणारा रुततो. ओसरीवर बसलेला तो भाऊ आळशी नव्हताच. त्याची ड्यूटी रिव्हर्सची होती. एक जाताना राबायचा, एक येताना. आणि मी दोघांनाही जातानाच्या पाळीला लावून आलो होतो.

मागे काकांची नुकतीच धुतलेली मोटार उभी होती. बायको शांतपणे उतरली, मेथी घेऊन बाजूला झाली. वॉचमन धावला आणि त्यानं कुंडीखालची वीट उपसून मागच्या चाकाखाली सरकवली. मोटार वीतभर राहिली असताना गाडी थांबली.

मी वर पाहिलं. गाडी विटेवर उभी, आणि काका कमरेवर हात ठेवून.